पर्यावरणाच्या वक्तृत्व स्पर्धेत मुलाला उतरवताय? मग आधी येरळा नदीकाठी जाऊन या

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडं पर्यावरणाच्या वक्तृत्व स्पर्धांची पत्रकं फिरायला लागतात. ५ जूनला पर्यावरण दिन, जुलैत वनमहोत्सव, मग गणेश मंडळांच्या स्पर्धा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, दिवाळीपर्यंत हे चालूच असतं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रक पडलं की घरातलं कुणीतरी मोबाईलवर भाषण शोधतं, वहीत उतरवून देतं, पोरगं चार दिवस घोकतं आणि स्टेजवर जाऊन वितळणारे हिमनग, ओझोनचा थर आणि "म्हणूनच मित्रहो" असं सगळं एका दमात म्हणून खाली येतं.

मी शिक्षिका आहे, तासगाव-पलूस भागात मुलांची तयारीही करून घेते आणि परीक्षक म्हणूनही बसते, त्यामुळं ही भाषणं खूप ऐकलीयत. मुलांचा यात काही दोष नाही. तीच मुलं खाली बसून डबा खाताना "बाई, आमच्या मळीत मगर आलती" म्हणून हात पसरून एवढी रंगवून सांगतात की ऐकत रहावं. मग स्टेजवर तेच का सांगायचं नाही? माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलानं स्वतः बघितलेल्या, घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरच्या एका गोष्टीवर बोलावं, आणि मोठ्यांनी भाषण लिहून देऊ नये. हे कसं करायचं ते खाली सविस्तर लिहितेय. हाताशी तीन आठवडे असतील तर उत्तम, दोन आठवड्यातही जमतं.

पत्रक आधी नीट वाचा

हे थोडक्यात सांगते. गट कुठला (पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी वगैरे), वेळ किती, विषय ठरवून दिलाय की मोकळा आहे, हातात कागद चालतो का, वेळ संपल्यावर गुण कापतात का, बोनाफाईड लागतं का, आणि नाव नोंदवायची शेवटची तारीख. बऱ्याच ठिकाणी भाषणात स्वतःचं किंवा शाळेचं नाव घ्यायचं नसतं, फक्त स्पर्धक क्रमांक सांगायचा असतो, आणि हे माहीत नसल्यामुळं चांगल्या चांगल्या मुलांचे गुण गेलेले मी बघितलेत. पत्रकात नसेल तर संयोजकांना सरळ फोन करून विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

विषय "पर्यावरण संवर्धन : काळाची गरज" असा ढोबळ दिलेला असला तरी घाबरू नका. असल्या विषयात गावची नदीही बसते आणि बांधावरचं बाभळीचं झाडही बसतं.

विषय जवळचा कसा शोधायचा

आपले सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे याबाबतीत एवढे श्रीमंत आहेत की खरंतर निवड करणं अवघड जावं.

कृष्णाकाठची मुलं असतील, म्हणजे भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सांगलीवाडी अशी, तर मगर. थंडीत सकाळी ऊन खायला ती काठावर येते हे तिथल्या पोरांना माहीतच असतं. पण मादी काठाच्या मातीत खड्डा करून उन्हाळ्यात अंडी घालते, आणि त्या मातीच्या उष्णतेवर आतलं पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, हे कळलं की मुलांचे डोळे मोठे होतात. मग पुढचा प्रश्न पोरगं स्वतःच विचारतं, की काठाची माती वीटभट्टीला गेली तर मगरीनं अंडी घालायची कुठं? इथं एक सांभाळा. मगरींनी माणसांवर हल्लेही केलेत, ज्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख खरं आहे, म्हणून भाषणात ती बाजूही आली पाहिजे.

कडेगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून ते उभं केलंय, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, आणि १९८५ ला अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आज तिथं चितळ, सांबर, काळवीट दिसतात. ताकारी-देवराष्ट्रे पट्ट्यातल्या मुलांना यापेक्षा चांगला विषय शोधून सापडायचा नाही, कारण "जंगल तोडलं" असं सगळेच सांगतात, "जंगल केलं" असं सांगणारी मुलं फार थोडी.

ऊसपट्ट्यातल्या मुलांनी पाचटावर, म्हणजे तोडीनंतर रानात राहणाऱ्या उसाच्या वाळलेल्या पाल्यावर बोलावं. एका हेक्टरच्या उसातनं साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, ते पेटवलं की जमिनीला मिळणारं सेंद्रिय खत धुरात जातं, आणि तोडीनंतर रात्रीच्या त्या आगीत सरडे, मुंगूस, पक्ष्यांची घरटी काय काय जळतं ते पोरांनी बघितलेलं असतं. कराड, वाळवा, शिराळा भागात उसातला बिबट्या हा मोठ्या गटासाठी विषय आहे. बत्तीस शिराळ्याची मुलं नागपंचमीवर बोलू शकतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं नागाला संरक्षण आहे आणि जिवंत नाग पूजायची गावाची श्रद्धाही आहे, दोन्ही समजून घेऊन बोलायचं तर आठवी-नववीच्या पुढचंच पोर पाहिजे. आणि सांगली शहरातल्या मुलांना तर २०१९ चा महापूर आहेच. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ज्या मुलांचं घर पाण्यात होतं त्यांच्याकडनं मात्र स्पर्धेसाठी ही आठवण ओढून काढू नका, मूल आपणहून म्हणालं तरच.

साताऱ्याकडच्या मुलांचा हात सगळ्यात आधी कासवर जातो, आणि जावा पण. फक्त "कास पठार २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलं" एवढ्यावर थांबू नका. सड्यावर, म्हणजे त्या कातळाच्या पठारावर, मातीचा थर बोटभर, त्यात नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती बारीक किडे पकडून पोट भरतात, हे पाचवीतलं लेकरूही छान सांगतं. टोपली कारवी सात वर्षांतनं एकदा सगळीकडं फुलते, म्हणजे एखाद्या मुलानं पहिलीत असताना ती बघितली असेल तर पुढचा बहर आठवीत.

लहान गटाला एकच प्राणी, एकच झाड, एकच ओढा द्या. जिथं माणसामाणसांत वाद आहे असे विषय मोठ्यांसाठी ठेवा.

बघायला न्या, पण जपून

विषय ठरला की वही-पेन घेऊन बसायचं नाही, आधी जाऊन यायचं. मगर बघायची असेल तर पुलावरनं, दुर्बिणीतनं, काठाला उतरायचं नाही. सागरेश्वरला गेलात तर मुलाला सकाळच्या वेळी न्या, उन्हं चढली की जनावर सावलीला जातं. कासला फुलं तोडायची नाहीत हे सांगायला नको, पण सड्यावर वाट सोडून चालायचं पण नाही, फोटोसाठी तर नाहीच. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली असं कानावर आलं तरी पोरांना घेऊन पळू नका, त्यांची आई जवळपास असते, तिनं पिल्लं उचलून न्यायला तिथं शांतता पाहिजे. अशावेळी वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन करायचा, आणि हा नंबर भाषणातही सांगायला चांगला आहे, कारण ऐकणाऱ्यांच्या कामाला येतो.

तिथं मुलाला बघू दे. तुम्ही माहिती देत सुटू नका. परत येताना फक्त विचारा, काय दिसलं, वास कसला आला, आवाज कसला होता, तुला काय पटलं नाही. हे "काय पटलं नाही" फार महत्त्वाचं आहे, बऱ्याचदा भाषणाचं बीज तिथंच सापडतं.

जुन्या माणसांना विचारायला लावा

आमच्या भागातली सातवीतली एक मुलगी येरळेवर बोलणार होती. तिला आम्ही घरीच बसवलं, आज्ज्याजवळ, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं.

"आज्जा, तुमच्या लहानपणी येरळेला पाणी किती दिवस असायचं?"

"दिवाळीनंतर बी धार असायची की गं. आन् उन्हाळ्यात धार आटली तर झिरं काढायचं."

"झिरं म्हणजे?"

"वाळूत हातानं उकरायचं, कोपरभर. पाणी येतंय हळूहळू. पहिलं गढूळ, ते वाटीनं काढून टाकायचं, मग नितळ. तुझ्या पणजीनं असंच भरलंय पाणी."

"मग आता का येत नाही?"

आज्जा जरा थांबले आणि म्हणाले, "वाळू कुठाय बाळ आता? उकरायचं कशात?"

ते "उकरायचं कशात" मी लिहून घेतलं नाही, तिनंच घेतलं. वाळू पाणी धरून ठेवते हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं आणि आज्ज्याच्या तोंडून ऐकलेलं यात किती फरक आहे ते तेव्हा तिच्याकडं बघून कळत होतं.

मुलांना चार-पाच प्रश्न आधी लिहून न्यायला सांगा: आधी कसं होतं, कधीपासून बदललं, का बदललं असं तुम्हाला वाटतं, कुणी काही केलं का, आता काय करता येईल. मेंढपाळ, मासे धरणारे, सर्पमित्र, वनरक्षक, ऊसतोड कामगार, कुणीही चालतं. विचारताना "काका", "मामा", "आज्जी" म्हणायचं, आधी परवानगी घ्यायची, आणि भाषणात त्यांचं नाव घ्यायचं का तेही विचारायचं.

माहिती तपासा, आकडे कमी ठेवा

जुन्या माणसांनी सांगितलेलं एकदा ताडून बघायचं. कृषी सहाय्यक, वनविभागाचं ऑफिस, तालुक्याचं वाचनालय, जिल्ह्याचं गॅझेटियर, शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम, एवढं पुरतं. येरळेच्या बाबतीत त्या मुलीनं तपासलं की नदी खटाव तालुक्यात उगम पावते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, म्हणजे साताऱ्याची आणि सांगलीची मिळून ही नदी. तिला आणखी एक सापडलं, की १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर स्वतः बळीराजा धरण बांधलं, त्यासाठीचे काही पैसे नदीतली थोडी वाळू विकून उभे केले, आणि पाणी सगळ्यांना सारखं, अगदी ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा, असं ठरवलं. घरच्या नदीवर असं काही घडलंय हे तिच्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

इंटरनेटवरच्या काही गोष्टी मात्र सरसकट गाळा. मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल असं आइनस्टाइन म्हणाले, हे प्रत्येक स्पर्धेत कुणीतरी सांगतं, ते म्हणाल्याचा काही पुरावा नाही. ॲमेझॉनचं जंगल जगाला वीस टक्के ऑक्सिजन देतं हेही तसंच, ते जंगल तयार केलेला जवळपास सगळा ऑक्सिजन स्वतःच वापरून टाकतं. साप दूध पितो, हे नागपंचमीच्या भाषणात आलं तर परीक्षक तिथंच पेन खाली ठेवतात.

आकडे दोन, फार तर तीन. आणि आकडा सांगितला की तो डोळ्यापुढं उभा राहील असं काहीतरी लगेच जोडायचं.

लिहायचं नाही, आधी बोलायचं

इथं सगळे पालक घाई करतात. मुलाला समोर बसवा आणि म्हणा, तू काय बघितलंस ते मावशीला फोनवर सांगतोयस असं सांग. ते रेकॉर्ड करा. मग ते ऐकून त्यानंच कागदावर उतरवायचं, त्याच्याच शब्दात. तुम्ही फक्त जिथं कळत नाही तिथं "म्हणजे काय?" असं विचारायचं. वाक्यं दुरुस्त करायचा मोह होतो, मला पण होतो, पण तुमचं वाक्य मुलाच्या तोंडात लगेच ओळखू येतं.

लांबी किती? मुलं मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द नीट बोलतात. म्हणजे तीन मिनिटांना तीनशे, पाच मिनिटांना पाचशे शब्द, त्याहून थोडं कमीच ठेवा, टाळ्या आणि श्वास यात वेळ जातो.

सुरुवातीला सगळ्यांना पाठ असलेला तो झाडांचा अभंग नको. अभंग सुंदरच आहे, पण त्या दिवशी दहा जणांनी तोच म्हटलेला असतो. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" यातही अर्धं मिनिट घालवू नका, एक नमस्कार पुरे. त्या मुलीनं पहिल्यांदा लिहिलं होतं, "नदी ही मानवी संस्कृतीची जीवनदायिनी आहे. आज प्रदूषणामुळे नद्यांची अवस्था दयनीय झाली आहे." मी विचारलं, हे तू कुणाला असं बोलशील का? ती नाही म्हणाली. मग तिनं लिहिलं ते असं:

"माझं घर येरळेच्या काठावर आहे. पण मी येरळेत कधी पोहले नाही. माझा आज्जा याच नदीत पोहायला शिकला. त्याची आई याच नदीत हातानं झिरा काढून पाणी भरायची. मी पण गेल्या रविवारी उकरून बघितलं. कोपरापर्यंत हात गेला, खाली दगड लागला."

सहावं वाक्य संपलं की हॉल तुमचा. पुढं मग वाळू पाणी कशी धरते, ती गेल्यावर विहिरींचं काय झालं, बलवडीच्या लोकांनी काय केलं, आणि शेवटी "मला काय पाहिजे" हे. शेवट "चला तर मग झाडे लावूया" असा नको. एक नेमकी मागणी ठेवायची, जी ऐकणाऱ्याला करता येईल. तिनं मागितलं होतं, की गावच्या ओढ्यावर दिवाळीआधी वनराई बंधारा घालूया, सिमेंटची रिकामी पोती आम्ही मुलं गोळा करतो, माती भरायला मोठ्यांनी या.

बोलीबद्दल. आज्ज्याचं वाक्य आज्ज्याच्याच बोलीत म्हणायचं, "वाळू कुठाय बाळ आता". बाकी भाषण मुलाच्या नेहमीच्या मराठीत. ण आणि न, श आणि स हे उच्चार स्वच्छ असावेत हे मान्य, पण त्यासाठी गावाकडच्या मुलाच्या बोलण्यातला गोडवा घालवायची गरज नाही.

पाठांतर कमी, सराव जास्त

शब्दनशब्द पाठ केलं की एक शब्द विसरला तरी पुढचं सगळं जातं. त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द लिहा, जसं की पोहणं, झिरा, वाळू, बलवडी, पोती, आणि त्यावरनं रोज एकदा बोलायचं, दरवेळी वाक्यं थोडी वेगळी आली तरी चालतील. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं मात्र पक्की पाठ.

सराव आरशासमोर नको, माणसांसमोर करा. पहिले दोन दिवस घरात, मग शेजारच्या काकूंसमोर, मग गच्चीवर, जिथं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो. शाळेत परिपाठाला एकदा माईकवर बोलायला मिळालं तर फार बरं, कारण स्वतःचा आवाज स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकला की मुलं दचकतात. हातवारे शिकवू नका. "झाड" म्हटलं की हात वर आणि "पाऊस" म्हटलं की बोटं खाली, हे बघवत नाही. हात मोकळे सोडा, सांगायचं मनापासून असलं की आपोआप हलतात.

विसरलं तर काय? थांबायचं, श्वास घ्यायचा, शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायचं. तेवढ्यात पुढचं येतं. हे पण मुद्दाम सराव करून घ्या, मध्येच टाळी वाजवून अडवा आणि पुन्हा सुरू करू दे.

परीक्षकांचे प्रश्न

मोठ्या गटाला हल्ली भाषणानंतर एक-दोन प्रश्न विचारतात. येरळेवरच्या भाषणाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, आता टेंभू-ताकारी योजनांचं पाणी तुमच्या भागात आलंय, मग नदीचं एवढं काय? याचं उत्तर मुलाजवळ पाहिजे: ते पाणी कृष्णेतनं पंपानं उचलून आणावं लागतं, त्याला वीज लागते, बिल लागतं; गावात पडलेला पाऊस गावातच मुरला तर तेवढा भार कमी होतो, दोन्ही पाहिजे. माहीत नसेल तर "मला हे माहीत नाही, मी विचारून घेईन" असं सरळ म्हणायचं, त्यानं गुण जात नाहीत, निदान मी तरी कापत नाही.

त्या दिवशी

पोट हलकं ठेवा, पोहे नाहीतर भाकरी-दूध, तळलेलं आणि गार पेय नको. अर्धा तास आधी पोचा, स्टेज रिकामं असताना मुलाला एकदा वर उभं करून या. माईक उंच असेल तर "कृपया माईक खाली कराल का" असं विचारायला शिकवा, टाचा उंचावून पाच मिनिटं बोलणारी लेकरं बघून जीव तुटतो. पहिली घंटा म्हणजे एक मिनिट राहिलं एवढंच, घाबरून वेग वाढवायचा नाही. आणि पालकांनो, पहिल्या रांगेत बसून ओठ हलवू नका. मूल तुमच्याकडं बघतं आणि स्वतःचं विसरतं. मागं बसा.

संयोजक वाचत असतील तर दोन विनंत्या: विषय जवळचे द्या, "माझ्या गावचा ओढा" असे. आणि प्लॅस्टिकच्या ट्रॉफीऐवजी पुस्तक किंवा देशी झाडाचं रोप द्या.

निकालानंतर

नंबर आला नाही तर मुलाला घेऊन परीक्षकांना भेटा आणि "काय सुधारू?" हे मुलालाच विचारू दे, बहुतेक परीक्षक आनंदानं सांगतात. नंबर येवो न येवो, भाषणाची एक प्रत स्वच्छ अक्षरात लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असतात, त्याच्या आधी सरपंचांना भेटून मुलाला पाच मिनिटं बोलायला मागा. वनराई बंधाऱ्याची मागणी असेल तर २ ऑक्टोबरची सभा धरा, पाऊस ओसरत आलेला असतो, ओढ्याला अजून धार असते, आणि पोती गोळा करायला दसऱ्याच्या आसपासची सुट्टी मिळते.